हप्ता भरणे म्हणजे धंदा नव्हे : वर्ध्याच्या बौद्ध वस्त्या आणि छोट्या उद्योगांचा प्रश्न

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात विहाराच्या ओसरीवर बचत गटाची बैठक होती. अकरा बायका जमल्या होत्या. सचिवताईंनी वही वाचून दाखवली. आठवड्याची बचत जमा, अंतर्गत कर्जाची परतफेड जमा, बँकेचा हप्ता जमा, एकही थकबाकी नाही. तपासणीला आलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने शाबासकी द्यावी अशी ती वही होती. मी विचारले, "बँकेच्या कर्जातून धंदा कोणता सुरू केला?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेली एक आजी म्हणाली, "धंदा कायचा वं ताई, हप्ता भरनं हाच धंदा झाला आता."

सगळ्या हसल्या. मग एकेकीने सांगितले. एकीचे कर्ज मुलीच्या लग्नाला गेले, दुसरीचे नवऱ्याच्या दवाखान्याला, तिसरीचे घरावरच्या टिनांना. हप्ता कुठून भरता, तर कापूस वेचणी, निंदण आणि सोयाबीनच्या सवंगणीच्या मजुरीतून. तिघींच्या घरात खासगी मायक्रोफायनान्स कंपनीचेही कर्ज होते आणि त्याचा वसुलीवाला आठवड्याच्या ठरलेल्या वारी दारात येत होता.

सरकारी अहवालात हा गट 'यशस्वी' आहे. खोटेही नाही ते, कारण बचत आणि परतफेड हे निकष लावले तर गट यशस्वीच आहे. फक्त उत्पन्न वाढलेले नाही. ग्रामीण भागातल्या छोट्या उद्योगांवर आज जी चर्चा चालते तिच्यात हा फरक कुणी करत नाही. कार्यकर्ता म्हणून आपण तो करायला शिकले पाहिजे, म्हणून हा लेख.

घोषणा आणि जमीन

१५ ऑगस्ट २०२३ रोजी लाल किल्ल्यावरून २ कोटी 'लखपती दीदी' घडवण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात हे उद्दिष्ट ३ कोटींवर गेले. लखपती दीदी म्हणजे बचत गटातली अशी महिला, जिच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख किंवा त्याहून अधिक आहे. महिन्याला भागले तर साधारण ८,३०० रुपये होतात. पाच माणसांच्या घराला हे उत्पन्न 'लखपती' म्हणून मिरवायचे की किमान म्हणून मागायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यानंतर २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान आपल्या वर्ध्यातच आले. पीएम विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम इथे झाला. महिला स्टार्टअपसाठी राज्याची योजनाही त्याच मंचावरून सुरू झाली.

म्हणजे योजनांची वाण नाही. मग अडते कुठे?

२०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती. त्यात बौद्धांचे प्रमाण साधारण तेरा टक्के. आठही तालुक्यांत आपल्या वस्त्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक घरांची चूल मजुरीवर पेटते. जिल्हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. ज्याच्याकडे शेत आहे त्याला निदान पीक कर्ज मिळते, विमा मिळतो, नुकसान झाले तर पंचनामा होतो. ज्याच्याकडे शेत नाही त्याचे काम गेले तर पंचनामा कोण करणार? सवंगणीला हार्वेस्टर आले, निंदणाच्या जागी तणनाशक आले. मजुरीचे दिवस कमी होत चालले आहेत हे वस्तीत कुणालाही विचारा. म्हणून छोटा उद्योग आपल्या वस्तीत हौसेचा विषय राहिलेला नाही. मजुरीतून मोकळे झालेले हात कुठे लावायचे हा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला, त्यात हाच प्रश्न मांडला होता. शेत लहान आहे की मोठे हे नुसत्या एकरावर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. शेतीवर माणसांचा भार जास्त आणि भांडवल कमी, हा खरा रोग आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही कसोटी बचत गटाच्या उद्योगालाही लावून पाहा. दहा बायका, एक गिरणी आणि दोन पोते माल असेल तर तिथेही माणसे जास्त आणि भांडवल कमी. उद्योगाचे नाव दिले म्हणून रोग बदलत नाही.

आफ्रिकेकडून काय घ्यावे

हा प्रश्न केवळ आपला नाही. आफ्रिकेतल्या कोरडवाहू गावांत गेली तीस-पस्तीस वर्षे याच गोष्टीवर प्रयोग चालले आहेत. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली नायजर देशातली. १९९१ साली मारादी भागात 'केअर' या संस्थेने महिलांचे बचत मंडळ सुरू केले. पुढे ही पद्धत अनेक देशांत पसरली. पंधरा ते पंचवीस जणींचा गट, पैसे ठेवायला लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलपे आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. सर्वांसमोर पेटी उघडायची, सर्वांसमोर मोजायचे, सर्वांसमोर बंद करायचे. वर्षाच्या शेवटी व्याजासकट सगळी रक्कम वाटून घ्यायची आणि नव्याने सुरुवात करायची. आपल्याकडे १९९२ मध्ये नाबार्डने गट आणि बँक यांची जोडणी सुरू केली आणि गटाचे लक्ष लवकरच बँकेच्या कर्जाकडे वळले. त्यांच्याकडे वर्षाला हिशेब संपतो आणि बाईच्या हातात एकरकमी पैसा येतो. आपल्याकडे हिशेब कधीच संपत नाही, एक कर्ज फिटले की त्याहून मोठे उभे राहते.

दुसरी गोष्ट सहा देशांच्या अभ्यासाची. बांगलादेशातील 'ब्रॅक' संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्याच धर्तीवर इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू इथे १० हजारांहून अधिक कुटुंबांवर अभ्यास झाला. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या संशोधकांत होते. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या कुटुंबांना कर्ज दिले नव्हते. शेळ्या, कोंबड्या किंवा दुकानाचा माल असे साधन दिले, धंदा उभा राहीपर्यंत खायला थोडा भत्ता दिला, प्रशिक्षण दिले, बचत करायला लावली आणि दोन वर्षे एक कार्यकर्ता नियमित घरी येत राहिला. कार्यक्रम संपून वर्ष झाले तरी त्यांचे खाणेपिणे आणि उत्पन्न सुधारलेलेच होते. आपल्या पश्चिम बंगालमधल्या कुटुंबांत तर हा फरक दहा वर्षांनंतरही दिसला. होंडुरासमध्ये मात्र बहुतेकांनी कोंबड्या घेतल्या, त्या रोगाने मेल्या आणि तिथे कार्यक्रम फसला. म्हणजे कार्यक्रम कितीही चांगला असो, साधन चुकले की सगळे बसते.

तिसरी गोष्ट केनियाची. तिथे 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने काही गावांत लोकांना दरमहा पैसे दिले आणि काही गावांत तेवढेच पैसे एकदम दिले. एकरकमी मिळालेल्यांनी जास्त धंदे सुरू केले. ज्यांना दीर्घकाळ दरमहा मिळणार होते त्यांनीही एक युक्ती केली. त्यांनी आपसात भिशी लावली आणि महिन्याच्या पैशाची मोठी रक्कम करून घेतली.

हे वाचले तेव्हा मला 'लाडकी बहीण' आठवली. जुलै २०२४ पासून दरमहा १,५०० रुपये खात्यात येतात. किराणा, शाळा, दवाखाना यांत ते जातात आणि जायलाच पाहिजेत, ते त्या बाईचे पैसे आहेत. पण ज्या घरात थोडी उसंत आहे तिथे दहा जणींनी महिन्याला ५०० रुपये भिशीत टाकले तर दर महिन्याला एकीला ५,००० रुपये मिळतात. व्याज नाही, वसुलीवाला नाही. शिलाई मशीन दुरुस्त करायला, भाजीच्या गाड्याला पहिला माल भरायला ही रक्कम पुरते.

तीन गटांची कहाणी

आता आपल्याकडचे. गेल्या काही वर्षांत मी ज्या गटांबरोबर काम केले त्यातल्या तिघांचे सांगते. गावांची नावे देत नाही, कारण चूक कुणा एका गावाची नाही.

पहिला गट पापड-मसाल्याचा. प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रे मिळाली, फोटो निघाले. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तीन दिवसांत बराच माल खपला. बायका खूश होऊन परत आल्या आणि दुप्पट माल केला. पण प्रदर्शन वर्षातून एकदा असते. गावात सगळ्यांच्याच घरी पापड होतात आणि मसाल्याची कंपनीची पुडी पाच-दहा रुपयांत पानठेल्यावर मिळते. उरलेला माल नातेवाइकांत वाटावा लागला. या गटाने कधीही एक साधा हिशेब केला नव्हता : किलोमागे डाळ किती, तेल-पापडखार किती, पॅकिंग किती, गाडीभाडे किती आणि आपल्या हाताची मजुरी किती? हिशेब मांडला तेव्हा कळले की स्वतःची मजुरी धरली तर प्रत्येक किलोमागे तोटा होता. वेचणीला गेल्या असत्या तर जास्त मिळाले असते.

दुसरा गट शेळ्यांचा. राज्यात १० शेळ्या आणि १ बोकड अशी गट वाटपाची योजना आहे, तिच्यात अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याला ७५ टक्के अनुदान असते. शेळी हे भूमिहीनाचे चांगले साधन. पाच महिन्यांत विते, अडचणीला विकता येते. विदर्भाची बेरारी शेळी आपल्या उन्हाला टिकते. पण पावसाळ्याच्या तोंडावर लसीकरण राहून गेले आणि साथ आली. विमा होता, पण मेलेल्या दोन शेळ्यांच्या कानातला बिल्ला आधीच पडला होता, म्हणून दावा फेटाळला गेला. होंडुरासच्या कोंबड्या आणि आमच्या शेळ्या, गोष्ट एकच. साधन देणारा खूप लांब होता आणि साथीच्या वेळी विचारायला जवळ कुणी नव्हते. आता हा गट एक नियम पाळतो. लसीची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहितात आणि दर बैठकीत बिल्ले तपासतात. शेळ्या पुन्हा वाढल्या आहेत.

तिसरा गट तूरडाळीचा. यांनी यंत्र घेतले नाही, हे महत्त्वाचे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल विदर्भात सर्वांना माहीत आहे आणि पहिल्याच बैठकीत ती घेऊन टाकायचा ठराव होणार होता. एका मुलीने, बारावी झालेल्या, विचारले की वर्षातून किती दिवस चालेल? मग ठरले की तूर हंगामात गावातूनच घ्यायची, शेजारच्या गावच्या गिरणीवर मजुरी देऊन डाळ करून घ्यायची, घरी निवडायची आणि ओळखीच्या घरांना महिन्याच्या हिशेबाने पोहोचवायची. वर्धा शहरातल्या नोकरदार बौद्ध कुटुंबांपासून सुरुवात केली. नफा थोडा आहे, पण दर महिन्याला आहे. चुनी गटातल्याच बकऱ्यांना जाते. दोन वर्षे गिऱ्हाईक टिकले तर यंत्राचा विचार करू, असे त्या आता म्हणतात.

तिघींत फरक कशाचा? पहिल्या गटाने माल आधी केला आणि गिऱ्हाईक नंतर शोधले. तिसऱ्याने गिऱ्हाईक आधी मोजले. उद्योजकता म्हणून जे प्रशिक्षणात शिकवतात त्यातला निम्मा भाग एवढाच आहे.

उरलेला अर्धा भाग जातीचा

उरलेला अर्धा भाग प्रशिक्षणात येत नाही. पहिल्या गटातल्या दोघींनी गावच्या यात्रेत खाण्याचे दुकान लावले होते. कोणी वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही, फक्त आले नाही. कोरडी डाळ चालते, शिजवलेले चालत नाही. हे गाव २०२० नंतरचे आहे, शंभर वर्षांपूर्वीचे नाही. म्हणून आपल्या वस्तीसाठी उद्योग निवडताना 'या मालाला जात चिकटते का?' हा प्रश्न कागदावर लिहून विचारावा लागतो. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, तो बाजाराचा अभ्यास आहे.

कोणता धंदा कुणी करायचा, हा वाद वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तेलघाणी, हातकागद, मधमाशी, गूळ यांवर तिथे खरे काम झाले. निसर्ग ओरबाडून न घेता टिकणारी अर्थव्यवस्था कशी असावी, याचा विचार जगात फॅशन होण्याच्या आधी तिथे झाला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच काळात शहराला लागून असलेल्या नालवाडीला गांधीजींच्या सहकाऱ्यांनी चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे शास्त्रशुद्ध रीतीने कमवावे, म्हणजे कामाला प्रतिष्ठा येईल, असा तो विचार. बाबासाहेबांनी मात्र १९२७ साली महाडलाच सांगितले होते की मेलेली ढोरे ओढणे सोडा. एकाने म्हटले काम सुधारू, दुसऱ्याने म्हटले काम सोडू. आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसरे ऐकले, उपाशी राहून ऐकले आणि म्हणून आज आपण शिकलेलो आहोत.

हा संदर्भ पीएम विश्वकर्मा योजना पाहताना लागतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, चांभार, शिंपी, गवंडी आणि इतर. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज. योजनेच्या उद्दिष्टातच कुटुंबात चालत आलेली कौशल्ये आणि गुरु-शिष्य परंपरा यांचा गौरव आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा ज्याने वाचला त्याला ही यादी वाचताना थांबावे लागेल.

तरीही माझे स्पष्ट मत आहे की आपल्या गवंड्याने, आपल्या शिवणकाम करणाऱ्या बहिणीने या योजनेत अर्ज जरूर करावा. पैसा सार्वजनिक आहे, कुणाचा उपकार नाही. मात्र त्याच घरातल्या मुलाने मोटार रिवाइंडिंग, सोलर पंप दुरुस्ती, मोबाइल, लेखा किंवा औषधनिर्माण शिकावे, याची सोय त्या योजनेत नाही आणि ती मागणी आपण सोडायची नाही.

आपला स्वतःचा बाजार

जात जिथे आडवी येत नाही असा एक मोठा बाजार आपल्याजवळ आहे आणि आपण त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणूनच पाहतो. वर्ध्यापासून रेल्वेने दीड तासावर नागपूर. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पुस्तके, मूर्ती, पंचशील ध्वज, मेणबत्त्या, दिनदर्शिका, बिल्ले यांची रांगच्या रांग दुकाने लागतात. शिवाय गावोगावच्या विहारांत वर्षावास, बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल. प्रत्येक उपासिकेकडे निदान एक पांढरी साडी असते. ती साडी कुठे बनते? कापूस आपल्या जिल्ह्यात वेचला जातो, तो बहुधा आपल्याच आयाबहिणी वेचतात आणि साडी मात्र दूरच्या गिरणीतून येते.

विदर्भातल्या आपल्या समाजात एके काळी जाडेभरडे कापड विणणारे मोठ्या संख्येने होते. नंतर नागपूर, हिंगणघाट, पुलगावच्या कापड गिरण्यांत आपली माणसे राबली. गिरण्या बंद पडल्या आणि तो धागा तुटला. बापजाद्यांचा धंदा म्हणून विणकाम पुन्हा सुरू करा, असे मी म्हणत नाही, वर जे लिहिले त्याच्या ते उलट होईल. मी बाजाराचा मुद्दा मांडते आहे. खादी, नैसर्गिक रंग, ग्रामीण यंत्रे यांवर काम करणाऱ्या मगन संग्रहालय आणि महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था याच शहरात आहेत. तिथल्या दारात आपली मुले किती वेळा गेली? विचारांचे मतभेद आपल्या जागी ठेवून तंत्र शिकता येते. बाबासाहेबही परदेशात जाऊन शिकले, ते तिथले राज्य मान्य होते म्हणून नव्हे.

एक इशारा मात्र हवा. 'आपल्याच माणसाकडून घ्या' ही हाक एक वर्ष चालते. दुसऱ्या वर्षी रंग गेला, शिवण उसवली, तर आपलाच माणूस परत येत नाही.

याच जिल्ह्यात वायगावच्या हळदीचे उदाहरण आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण मानांकनाचा पहिला फायदा ज्याची विहीर आणि जमीन आहे त्याला होतो. काढणी, उकळणे, वाळवणे, पॉलिश ही कामे करणाऱ्या बाईची मजुरी मानांकनाने आपोआप वाढत नाही. दळणे, पॅकिंग आणि विक्री यांत भूमिहीनांच्या गटाला वाटा मिळाला तरच तिच्या घरात काही येईल. असा वाटा कुणी आणून देत नाही, उत्पादक संस्थेच्या सभेत जाऊन मागावा लागतो.

पैसा आहे, तो कुठे जातो?

आपल्यासाठी म्हणून असलेल्या योजना अनेक आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत महामंडळाचा वाटा २० टक्के, बँकेचा ७५ टक्के आणि अर्जदाराचा ५ टक्के. म्हणजे महामंडळ 'हो' म्हणाले तरी खरी किल्ली बँकेच्या हातात. गावातल्या शाखेत आपल्या मुलाला किती चकरा माराव्या लागतात ते ज्याने मारल्या त्यालाच विचारा.

अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची योजना चांगली आहे. ९० टक्के अनुदान, ३ लाख १५ हजार रुपयांपर्यंत. गटात ८० टक्के सदस्य आपले असावे लागतात. पण एका गावात मी ट्रॅक्टर गटाच्या नावाने पाहिला आणि चालवणारा, भाडे घेणारा वेगळाच. ५,००० रुपये हातावर ठेवून सह्या घेतलेल्या. यात विकणाऱ्याचा दोष आहे, घेणाऱ्याचा आहे आणि एकदा वाटप झाल्यावर पुन्हा न फिरकणाऱ्या यंत्रणेचाही आहे.

भूमिहीनांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देणारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजना २०१८ पासून शंभर टक्के अनुदानाची झाली. पण सरकारी दराने जमीन विकायला सहसा कोणी पुढे येत नाही. त्यामुळे जमीन हा प्रश्न तसाच राहतो आणि त्याची भरपाई म्हणून पापड पुढे केले जातात.

याहून गंभीर गोष्ट मे २०२५ मध्ये उघड झाली. सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये 'लाडकी बहीण' योजनेसाठी वळवले गेले. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. आदिवासी विकास विभागाचाही निधी गेला. आपल्या वस्तीतल्या बाईला १,५०० रुपये मिळाले ते चांगलेच, पण तिच्या मुलाची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि धंद्याचे भांडवल ज्या पेटीत होते त्याच पेटीतून ते काढले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्येच अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुलूप लावले. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा, ही मागणी प्रत्येक मोर्चात आणि उमेदवाराला विचारायच्या प्रश्नांत असली पाहिजे. नायजरच्या बायकांना कळले ते आपल्याला कळायला हवे : पेटीला एकच कुलूप आणि किल्ली एकाच्या हातात, हे धोक्याचे.

आणखी एक मागणी. बिहारने दारूबंदीनंतर, २०१८ मध्ये, दारू-ताडीच्या धंद्यावर जगणाऱ्या आणि इतर अतिगरीब कुटुंबांसाठी 'सतत जीविकोपार्जन योजना' आणली. साधन, काही महिने भत्ता आणि घरी येणारा कार्यकर्ता, म्हणजे वर सांगितलेला सहा देशांचाच नमुना. आपला जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. नदीनाल्याकाठी हातभट्टी तरी चालतेच आणि धाड पडली की पकडला जातो तो बहुधा गरीबच. दारू विकणे सम्यक आजीविकेत बसत नाही, हे विहारात सांगणे सोपे आहे. त्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचे, हे सांगणारी योजना वर्ध्यात मागितली पाहिजे.

तरुणांनी काय करावे

भाषणापेक्षा कामाची यादी देते.

१. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक गटाची वही वाचा. बचत आणि परतफेड यांच्याशेजारी तिसरा रकाना आखा : या कर्जातून उत्पन्न किती वाढले? उत्तर शून्य असले तरी लिहा.

२. धंदा सुरू करण्याआधी गिऱ्हाईकांची नावे लिहून काढा. वीस घरांची यादी होत नसेल तर माल करू नका. खर्चात स्वतःची मजुरी धरा.

३. मायक्रोफायनान्सचे नियम पाठ करा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार अशा कर्जाला तारण मागता येत नाही आणि कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीवाला दारात बसला तर हे सांगणारा एक तरी तरुण वस्तीत हवा.

४. जनावरे घेतली असतील तर लस, विमा आणि कानातला बिल्ला यांची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहा.

५. महामंडळाच्या आणि बँकेच्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. पन्नास अर्जांची कारणे एकत्र केली की तो मोर्चाचा मजकूर तयार होतो.

६. ज्या घरात धंदा उभाच राहू शकत नाही, म्हातारी एकटी आहे, आजारपण आहे, तिथे उद्योगाचा आग्रह धरू नका. तिथे पेन्शन, रेशन आणि रोजगार हमीचे काम मिळवून द्या.

शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहिला. छोटा उद्योग जमिनीच्या, नोकरीच्या आणि आरक्षणाच्या लढ्याला पर्याय नाही. 'स्वतःच्या पायावर उभे राहा' हे वाक्य ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याने ज्याच्या पायाखाली नाही त्याला सांगू नये. कूटदन्त सुत्तात राज्यातली चोरी-लूट थांबवण्यासाठी राजाला दिलेला सल्ला आपण सर्वांनी ऐकला आहे : शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, सेवा करणाऱ्याला वेतन द्या. त्यात कुठेही 'कर्ज द्या आणि हप्ता वसूल करा' असे नाही. बियाणे, भांडवल आणि वेतन या तिन्हींची जबाबदारी तिथे राज्यावर आहे.

विहाराच्या ओसरीवरची ती आजी पुढच्या बैठकीलाही येणार आहे. त्या गटाने आता बँकेचे नवे कर्ज घेण्याआधी वीस गिऱ्हाइकांची यादी करायचे ठरवले आहे. आतापर्यंत तेरा नावे झाली आहेत.

जय भीम!